बुधवारी अकरा वाजता

काका : बसा की. तिथे नको, ती खुर्ची डुगडुगते. इकडे बसा.

हवालदार : बसत नाही काका. दोन मिनिटांचं काम आहे.

काका : पाच आठवड्यांनी आलात आणि दोन मिनिटं? आज मंगळवार. तुमचा वार बुधवार. आणि वर्दीही नाही अंगावर.

हवालदार : आज सुट्टी आहे. असाच आलो.

काका : असाच कुणी येत नाही हो. माझं पत्र पोचलं म्हणायचं.

हवालदार : पोचलं. थेट साहेबांच्या टेबलावर पोचलं. काका, तक्रार करायची होती तर मला एक फोन करायचात. पाच वर्षं या दारात येतोय मी.

काका : तक्रार? मी कुठे तक्रार केली?

हवालदार : साहेबांनी मला समोर उभं करून वाचून दाखवलं सगळं.

काका : मग म्हणून दाखवा बरं काय लिहिलंय ते. चारच तर ओळी होत्या.

हवालदार : पाठ झाल्यात मला. "आपले हवालदार दर बुधवारी अकरा वाजता आम्हा दोघांची चौकशी करायला येतात. त्या बुधवारी मी बाहेर गेलो होतो. दाराबाहेरच्या वहीत त्यांनी लिहिलं आहे, भेट घेतली, बाई ठीक. त्याच दिवशी माझी पत्नी वारली. तिला शेवटचे भेटले ते हवालदार. ती काय बोलली एवढं त्यांना विचारून मला कळवावं."

काका : मग? यात तक्रार कुठे आली?

हवालदार : तक्रार असती तर परवडलं असतं. तक्रारीला काहीतरी उत्तर देता येतं. साहेब म्हणाले, उद्या सकाळी दहाला म्हाताऱ्याला... माफ करा, काकांना बोलावलंय. तूही ये आणि त्यांच्यासमोर सांग, बाई काय बोलल्या.

काका : म्हातारा म्हणाले तर म्हणाले. आहेच. पण बरं झालं तुम्ही आजच आलात, उद्यापर्यंत थांबायला नको. सांगा.

हवालदार : काय?

काका : काय बोलली ती?

हवालदार : बोलल्या म्हणजे... नेहमीचंच. म्हणाल्या, काका बाहेर गेलेत.

काका : "काका" म्हणाली?

हवालदार : नाही, म्हणजे, "हे" म्हणाल्या. हे बाहेर गेलेत, दुपारी येतील.

काका : हां. मग?

हवालदार : मग काय, चहा विचारला. मी नको म्हटलं. पण तुम्हाला माहितेय काकूंचा आग्रह. अर्धा कप घेतला.

काका : बसून घेतलात?

हवालदार : उभ्या उभ्याच. म्हणाल्या, सावकाश प्या, तोंड भाजेल.

काका : असं म्हणाली?

हवालदार : हो.

काका : दुधाचा चहा?

हवालदार : हो, म्हणजे, नेहमीसारखा.

काका : घरात दूध नव्हतं त्या दिवशी. सकाळी नासलं होतं. येताना घेऊन या, घेऊन या, असं मला निघताना तीनदा सांगितलं तिनं. मी तीनला दार उघडलं तेव्हा पिशवी हातातच होती माझ्या.

हवालदार : मग बिनदुधाचा असेल. आता एवढं कसं लक्षात राहणार काका? चौदा घरं असतात मला.

काका : बिनदुधाचा चहा, आणि ती घरी आलेल्या माणसाला देईल? ती मेली तरी...

हवालदार : काका.

काका : काही नाही. तोंडातून गेलं.

हवालदार : पाणी आणू का?

काका : नको. बसा तुम्ही. मी नोकरीत काय करायचो माहितेय ना? छत्तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले. वजनं ठेवायची, पारडं बघायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा. गिऱ्हाईक काट्याकडे बघत नाही हवालदार, शिक्क्याकडे बघतं. शिक्का दिसला की पिशवी पुढे करतं. आणि एक सांगतो, ज्याचा काटा खोटा, तो मी दुकानात शिरल्या शिरल्या बोलायला लागायचा. बसा, पंखा लावू का, मुलं कशी आहेत. खऱ्या काट्याचा दुकानदार वर बघायचासुद्धा नाही.

हवालदार : मला समजतंय तुम्ही काय म्हणताय.

काका : मग एकच विचारतो. घंटी वाजवली होतीत का?

(हवालदार काकांनी दाखवलेल्या खुर्चीत बसतो.)

हवालदार : नाही.

काका : म्हणजे आलाच नाहीस.

हवालदार : आलो होतो. दारापर्यंत आलो होतो. पेटीतून वही काढली, वेळ लिहिली, भेट घेतली लिहिलं, सही केली, वही परत ठेवली आणि निघालो.

काका : पेटी घंटीच्या खालीच आहे. वीतभर खाली.

हवालदार : हो.

काका : वर हात जात नव्हता तुझा?

हवालदार : खरं सांगू? घंटी वाजवली की अर्धा तास गेला. काकू सोडायच्या नाहीत. चहा, मग तुमचं ते औषधाचं, मग तुमच्या मुलीचा फोन आला की नाही आला. चौदा दारं काका, आणि प्रत्येक दारामागे एक तरी दुखणारा गुडघा. दुपारी दोनच्या आत सगळ्या सह्या ठाण्यात दाखवायच्या. चौदा माणसं भेटली का, असं कुणी विचारत नाही. चौदा सह्या आहेत का, एवढंच विचारतात.

काका : कधीपासून चाललंय हे?

हवालदार : वर्ष झालं असेल. थोडं जास्तच.

काका : दीड वर्ष. मागच्याच्या मागच्या थंडीपासून.

हवालदार : तुम्हाला माहीत होतं?

काका : घर दोन खोल्यांचं. घंटी वाजली नाही हे कळायला काय लागतं? आम्ही दोघं पावणेअकरापासून तयार असायचो. ती केस विंचरून, साडी बदलून बसायची. जसा काही तू जावई. साडेअकरा वाजले की मी दार उघडून वही बघायचो. सही असायची. ती म्हणायची, आला नाही मेला. मी म्हणायचो, सही आहे म्हणजे आला होता, तुला ऐकू आलं नसेल.

हवालदार : काकूंना ऐकू कमी येत होतं?

काका : कुठे! पलीकडच्या घरात चमचा पडला तर सांगायची. पण मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तिला खरंच वाटायला लागलं. एक दिवस कान दाखवायला जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, बाई, कान माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे. तरी मी म्हटलं, डॉक्टरांनाच काय कळतंय.

हवालदार : काका, पण तुम्ही तेव्हाच मला बोलला असतात...

काका : काय बोलणार होतो? सरकारी वही, सरकारी सही. मी स्वतः जन्मभर तेच केलं. शिक्क्यावर शंका घ्यायची म्हणजे मला माझ्या छत्तीस वर्षांवर शंका घेतल्यासारखं वाटायचं.

हवालदार : तुम्ही तपासून मारत होतात शिक्का.

काका : मी तपासून मारत होतो. म्हणून तर वाटायचं सगळेच तसे मारत असतील.

हवालदार : काका, मी हात जोडतो.

काका : हात खाली घे. तुला वाटतं तुझ्या एकट्याकडे विचारायला गेलो मी? आधी डॉक्टरांना विचारलं. किती वाजता गेली? ते म्हणाले दहा ते एकच्या दरम्यान. मी म्हटलं, दहा की एक? लवकर कळतं तर वाचली असती का? तर म्हणाले, असे प्रश्न आता विचारू नयेत, तब्येतीला जपा. मग प्रार्थनाघरात गेलो.

हवालदार : गुरुजींकडे?

काका : त्यांच्याकडेच. चाळीस वर्षं दर आठवड्याला जातोय. ते डोळे मिटून म्हणाले, तिची वेळ आली होती. मी म्हटलं, तेच विचारायला आलोय गुरुजी, कोणती वेळ? किती वाजले होते? तर रागावले.

हवालदार : ते रागावणारच.

काका : का रागावणार? त्यांनीच वेळेचा विषय काढला. आणि आधी तिच्यासाठी सगळे जमलो होतो तेव्हा काय बोलले ऐकलंस? तू नव्हतास म्हणा. म्हणाले, त्यांचा आवाज किती गोड, आपल्या प्रार्थना त्यांच्या गाण्यानं भरून जायच्या.

हवालदार : काकू गायच्या?

काका : आयुष्यात नाही! बेसूर म्हणून शाळेत बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, ते तिनं जन्मभर पाळलं. चाळीस वर्षं ती त्यांच्या पुढ्यात दुसऱ्या रांगेत बसून ओठ हलवत होती, आणि त्यांना वाटलं गाते.

हवालदार : (हसतो.) माफ करा. हसायचं नव्हतं.

काका : हस. मलाही तिथे हसू आलं होतं. शेजारी वळून तिला सांगणार होतो. लोक रडत होते रे. कुणासाठी रडत होते कोण जाणे. गुरुजींकडे एक बाई तयारच असते बहुतेक. कुणीही गेलं की तिलाच काढतात, तिचंच गुणगान करतात. मी बसून ऐकलं. म्हटलं, आता तिला खरी बघितलेला माणूस एकच उरला. हवालदार. तिला शेवटची पाहिली, तिच्याशी बोलला. तो खोटं कशाला सांगेल, त्याला काय पडलंय. म्हणून पत्र टाकलं.

हवालदार : उद्या साहेबांना काय सांगणार आहात?

काका : तू कशासाठी आलायस ते आधी सांग. मला काय सांगायला आलायस?

हवालदार : आता कशाला.

काका : नाही, सांग. सुट्टीच्या दिवशी एवढा आलास.

हवालदार : नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. वहीत खोटी नोंद, आणि त्याच दिवशी माणूस गेलं. मला घरी बसवतील. बदली नाही करणार, घरीच बसवतील. मी म्हणणार होतो की उद्या मी सांगतो, बाई म्हणाल्या हे बाहेर गेलेत, दुपारी येतील. तुम्ही म्हणायचं, समाधान झालं. बस. तुम्हाला दोन शब्द मिळतात, माझी नोकरी राहते. वाईट कुणाचं होत नाही.

काका : साहेब लिहून घेतील?

हवालदार : घेतील. दोघांच्या सह्या घेतील.

काका : म्हणजे कागदावर ती अकरा वाजता ठणठणीत. चहा विचारतेय.

हवालदार : काका, त्यानं काकूंना आता काय फरक पडणार?

काका : मला पडेल. सावकाश प्या, तोंड भाजेल, असं तू म्हणालास ना, तेव्हा मला बरं वाटलं. दूध नव्हतं हे मला पहिल्या वाक्यालाच आठवलं होतं. तरी मी तुला आणखी थोडं बोलू दिलं. एकटं घर आहे हवालदार. असं वाक्य कुणी दिलं तर मी ते रोज वापरीन. सहा महिन्यांनी मीच लोकांना सांगत सुटेन की ती तसं म्हणाली होती. मग गुरुजींत आणि माझ्यात फरक काय राहिला?

हवालदार : म्हणजे खरं सांगणार.

काका : सांगणार. पण आधी माझं सांगणार.

हवालदार : तुमचं काय?

काका : त्या सकाळी ती म्हणाली, मला गरगरतंय, उद्या जा. मला हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. खिडकीसमोर उभं राहून, मी जिवंत आहे, असं दाखवून यायचं. उद्याही चाललं असतं. शेवटची तारीख दहा दिवस लांब होती. पण मी बूट घातले होते. एकदा बूट घातले की मला परत काढवत नाहीत. मी म्हटलं, आज बुधवार आहे, अकराला हवालदार येतोय ना. काही वाटलं तर त्याला सांग.

हवालदार : काका...

काका : ती म्हणाली, तो घंटी वाजवत नाही. मी म्हटलं, वाजवतो, तुला ऐकू येत नाही. तुझ्या भरवशावर तिला ठेवून गेलो. आणि तो भरवसा खोटा आहे हे दीड वर्ष माहीत असून ठेवून गेलो. उद्या हे आधी लिहून घ्या म्हणणार साहेबांना. त्याखाली तुझं. तू घंटी वाजवली नाहीस. ते तुझं काय करतात ते मला थांबवता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवावं असंही आतून वाटत नाही. पण तू आलास, घरात बसून कबूल केलंस, तेही सांगेन.

हवालदार : त्यानं काही होत नाही काका. कबूल केलं की काम सोपं होतं त्यांचं.

काका : असेल. तुमच्यातलं तुम्हाला माहीत.

हवालदार : मग अजून एक आहे. हेही तुम्हाला सांगूनच जातो. नाहीतर उद्या साहेबांसमोर निघेल, आणि तिथे तुम्ही ऐकावं असं मला वाटत नाही.

काका : काय?

हवालदार : मी वहीत एरवी नुसतं "भेट घेतली" लिहितो. मागची पानं बघा हवं तर. त्या दिवशी "बाई ठीक" असंही लिहिलं.

काका : हो. म्हणूनच तर मला वाटलं खरंच भेटलास.

हवालदार : आतून पाण्याचा आवाज येत होता. नळ चालू होता. मी म्हटलं, काकू भांडी घासतायत, हालचाल आहे, ठीक आहेत. म्हणून लिहिलं. तेवढं तरी खरं लिहितोय असं वाटलं होतं मला.

काका : नळ.

हवालदार : हो.

काका : मी तीनला आलो तेव्हा चालू होता. मोरी तुंबून पाणी पार बाहेरच्या खोलीत आलं होतं. तिची चप्पल तरंगत होती.

हवालदार : मला नंतर कळलं. शेजारच्या बाईंकडून. तेव्हापासून इकडे यायला पाय उचलला नाही. पाच बुधवार मी पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून जातोय.

काका : आणि पाच बुधवार मी अकराला दार उघडं ठेवून बसलोय. पाणी जोरात वाहत होतं?

हवालदार : नाही. बारीक धार होती.

काका : भांडं आपटल्याचा आवाज? बांगड्या?

हवालदार : नाही. नुसतं पाणी.

काका : पाणी सोडून ती दुसरीकडे कधी जायची नाही. धुणं झालं की नळ असा आवळायची की मला उघडायला फडकं लागायचं. नुसतंच पाणी म्हणजे तोवर पडलेली होती. अकराच्या आधीच.

हवालदार : तसंच असेल असं नाही काका.

काका : तसंच आहे. मधे एक दार, आणि तू वहीत वेळ लिहितोयस. किती वेळ होतास दारात?

हवालदार : मिनिटभर. पेन चालत नव्हतं, म्हणून थोडा जास्त. दोन मिनिटं धरा.

काका : दोन मिनिटं. दार पातळ आहे. आतलं बाहेर ऐकू येतं.

हवालदार : येतं.

काका : तिनं हाक मारली होती का?

हवालदार : नाही.

काका : बारीक आवाजात? कण्हल्यासारखं? पाण्याच्या आवाजात कळलं नसेल कदाचित.

हवालदार : नाही काका. मी कान देऊन ऐकलं होतं, घरात कोण आहे का बघायला. पाण्याशिवाय काही नव्हतं.

काका : हे खरं सांगतोयस?

हवालदार : शपथेवर सांगतो.

काका : शपथ नको घेऊस. तू अर्ध्या तासापूर्वी माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायला होतास.

हवालदार : मग मी काय करू म्हणजे तुम्हाला पटेल?

काका : काही नाही. दुसरं कुणी नव्हतंच तिथे. डॉक्टर नव्हते, गुरुजी नव्हते, मी नव्हतो. तूच होतास.

हवालदार : हाक नव्हती, काका.

काका : अजून एकदा सांग.